शनिवारचं बटण

माझगावात आमच्या जिन्याच्या वळणावर
सिप्पोराबाई नवगावकर.
खिडकीसमोर गोदामाची भिंत,
म्हणून सकाळीही काळोख.
शनिवारी दार उघडं ठेवून बसायच्या.
मी पावाची पिशवी घेऊन वर चढताना
आतून आवाज:
"इनास, आज अंधार फार आहे."

एवढंच.
दिवा लाव, असं कधी नाही म्हणाल्या.
सांगितलं तर ते त्यांचंच काम झालं असतं;
आज्याचा घाणासुद्धा शनवारी थांबायचा, म्हणत.
मी बटण दाबायचो, एक चिक्की मिळायची.
चौकटीवरच्या तिरक्या डबीला हात लावून
त्यांच्यासारखी बोटं ओठांना लावली एकदा,
तर हसल्या. "तुला नाही रे लागू."

आता रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवतो.
परवा आम्ही अंत्युखियाच्या माडीवर पोचलो:
रंगारी, हमाल, एक कांदे विकणारी,
सगळे परराष्ट्रीय,
यरुशलेमच्या पत्राची वाट बघत.
एका म्हाताऱ्या गुलामाला सुंतेच्या सुरीचं भय.
पत्र आलं. सुरी नाही.
मूर्तीपुढचं खाऊ नका, व्यभिचार नको,
गळा दाबून मारलेलं नको, रक्त नको.
झालं.
माडीवर हशा, मिठ्या.

पण मला ती कांदेवाली दिसते,
(पुस्तकात ती नाही, मीच बसवलीय तिथे)
जिने शेजारणीकडून शिकून
दर शुक्रवारी दिवा लावायला सुरुवात केली होती.
तिला कोणी विचारलं नाही.
तुला नाही लागू, म्हणाले.
ती जिन्यात जाऊन रडली.

मागच्या बाकावरून फिलूचा हात वर:
"सर, रक्त नको, तर मग सोरपोतेल?"
वर्ग खिदळला.
माझ्या डोळ्यांपुढे आईचं नाताळचं पातेलं,
वाटीत गोठणारं डुकराचं रक्त, व्हिनेगर.
घंटा वाजली, बरं झालं.

सिप्पोराबाईंना सांगितलं हे.
"आम्हाला सहाशे तेरा," त्या म्हणाल्या,
"तुम्हाला चार. तीही जमेनात?"
आणि खोकला येईपर्यंत हसल्या.

यंदा त्यांच्या मुलानं टायमर बसवलाय.
सातला दिवा आपोआप लागतो.
तुम्हाला कशाला त्रास, म्हणाला, अगदी मनापासून.
मी हो म्हणालो.

तरी शनिवारी वळणावर थांबतो.
दार उघडं. ट्यूब पांढरीफटक जळतेय.
त्या खुर्चीत, डोळ्यांवर पदर.
बराच वेळ काहीच नाही.
मग,
"इनास, आज उजेड फार आहे."