चतकोर उजेड

नारिनच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
हे मशीन माझ्याहून दोन वर्षांनी मोठं.
बटण दाबलं की टेबलावर पिवळट चौकोन पडतो,
मधोमध सावलीची फुली.
मी दोन खुंट्या पिळते,
शिशाच्या झडपा आतल्या आत सरकतात
आणि चौकोन आवळत येतो,
परातीएवढा, ताटलीएवढा,
मग तेवढाच,
जेवढं दुखतंय.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे
किरणांना कोण सांगणार?
त्यांना रंग नाही, वास नाही,
चटकासुद्धा लगेच बसत नाही.
म्हणून आधी हा दिवा पाठवायचा,
सोयरिकीआधीच्या निरोप्यासारखा:
पाहुणे इथवर येतील. याच्या पलीकडे नाही.

आज एर्मेक आला, सात वर्षांचा, घोड्यावरून पडलेला.
मनगट टम्म.
त्याची आई, जिपार, चौकोनाकडे बघत म्हणाली,
"एवढासाच? सगळा हात काढा ना.
पैसे तर तेवढेच पडतात."
हसू आलं मला.
शिशाचा जाड एप्रन तिच्या गळ्यात घातला.
"हात घट्ट धरा त्याचा. पण उजेडाच्या बाहेर."
तिने धरला. बाहेरच धरला.
मी शपथेवर सांगते.

फिल्म ओली असतानाच दिसलं:
हाडात केसाएवढी चीर,
आणि अगदी कडेला
तिच्या तीन बोटांची हाडं,
एकावर अंगठी.

संध्याकाळी दार लावून घेतलं.
पर्समधली आठ नाणी काढली,
चार उजेडाच्या आत, चार बाहेर,
कडेला कड टेकवून.
एक झटका. काळोखी खोली. वाट पाहणं.
डावीकडचं बाहेरचं नाणं स्वच्छ उमटलं.
उजवीकडचं आतलं, अर्धंच.

आरसा कलला होता आत. जरासाच.
निरोप्या खोटं बोलत नव्हता म्हणा,
त्याची मानच वाकडी झाली होती.
कधीपासून?
रजिस्टर उलटं चाळत गेले,
मार्च, फेब्रुवारी, बर्फाने रस्ता बंद होता तो आठवडा.
मग चाळणं थांबवलं.
उजवीकडे भिंत आहे या खोलीत.
आया नेहमी डावीकडेच उभ्या राहतात.

स्क्रू सैल केला, आरसा सरळ केला.
पुन्हा नाणी. पुन्हा झटका.
तिसऱ्या खेपेला आतली आत, बाहेरची बाहेर.

जिपार येईल सोमवारी, प्लास्टर दाखवायला.
कुठून सुरुवात करू?
तुमची अंगठी, म्हणेन,
आमच्याकडे राहिली आहे.