बसणारीचं वजन

जिनिंग बंद पडून अकरा वर्षं झाली,
फरशी मात्र अजून सपाट.
तरी खोडे सरांनी पारदर्शक नळीत पाणी भरून
चारही चाकांपाशी पातळी बघितली
अन् मागच्या डाव्या चाकाखाली
जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा सरकवला.
"आता हे जमीन झाली," म्हणाले.

एकतीस वर्षं आयटीआयत फिटर शिकवला त्यांनी.
निवृत्तीच्या पैशातून कोइम्बतूरहून आल्या
तीन पेट्या, एक लांबुडकं पार्सल:
नळ्यांचा सांगाडा, फायबरचं नाक,
दोघांपुरती जागा. दार नाही, छप्पर नाही.
सगळी मिळून पाचशे किलो.
पिंपळखुट्यात कोणी म्हणे बोट आहे,
कोणी म्हणे फवारणीचं यंत्र.

पुढच्या चाकांखाली गुळगुळीत फरश्यांच्या जोड्या,
मध्ये ग्रीस, चाक वळताना अडू नये म्हणून.
दोन्ही बाजूंना ताणलेली तंगूस,
तलावावर जाळी टाकणाऱ्या सोमा मांढरेकडून आणलेली.
सुतळी नको म्हणाले. सुतळी झोल देते.

माझं काम आकडे लिहायचं.
रिमची पुढची कड ते दोरी: अठ्ठ्याहत्तर.
मागची कड ते दोरी: ब्याऐंशी.
"बाहेर पाह्यते हे. लोकाच्या वावरात डोळा."
"मग अगदी सरळ करू, सर?"
"नाही रे. सरळ ठेवली तं भटकते.
शंकरपटाची जोडी पाह्यली ना तू?
सुटायच्या आधी दोघंही जरासे आत.
दोन मिलीमीटर. जास्त नाही."

मग अडलं.
ट्रकला माणूस चढल्याचं कळत नाही,
हिच्यात कोणी बसलं की सगळे आकडे हलतात.
मोजणारे सर, लिहिणारा मी.
वेणूकाकू सुपात तुरीची दाळ निवडत होत्या,
त्यांनाच हाक मारली.
पदर खोचून, नळीवरून पाय टाकून त्या उतरल्या आत,
सूप मांडीवर, सुपावर स्टेअरिंग.
"हालू नको."
"श्वास घेऊ का तोही मोजता?"

दोन दुपारी गेल्या.
पाव फेरा. लॉकनट. गाडी हात दोन हात मागे-पुढे,
नाकावर दाबून दोनदा उचल-बस, पुन्हा मोज.
रॉडच्या एका टोकाचे आटे उलटे,
हे सर स्वतःच दोनदा विसरले
अन् दोनदा आपल्याच कानाला हात लावला.
"डावं चाक थकल्यावाणी दिसते," काकू आतूनच बोलल्या.
सरांनी गवंड्याचा ओळंबा सोडला.
अर्धा अंश. थकलंच होतं.

तिसऱ्या दिवशी आर्वीच्या रस्त्यावर,
दोन्हीकडे हरभरा, मध्ये सरळ डांबर.
सरांनी चाळीसवर हात सोडले
अन् गाडी निघाली उजवीकडे, कालव्याच्या बाजूला,
हळू, ओळखीच्या घरी वळावं तशी.
हवा तपासली. नट तपासले. पुन्हा उजवीकडे.
मग सर उतरले,
पोटावर हात ठेवून बराच वेळ उभे.
चौऱ्याण्णव किलो.
काकू बावन्न.

"वेणू, तू बस."
त्यांनी लुना चालवलेली, एकदा भावाचा ट्रॅक्टर.
पहिला गिअर कण्हला, दुसरा नाही.
दूर त्या मैलाच्या दगडापाशी
त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, आम्हाला दिसलं.
गाडी पांढऱ्या पट्ट्यावरून गेली,
कुठेच न बघता, लहान होत होत.

वही माझ्या हातात.
"सर, तुमच्या वजनावर पुन्हा लावायची?"
सरांनी सतराचा पाना पुसला, माझ्याकडे दिला.
"लॉकनट आवळून टाक."

गुरुवारच्या बाजाराला आता काकूच नेतात ती.
सीटखाली कुठेतरी दाळीतला एक खडा राहिलाय,
वळणावर वाजतो.
सरळ रस्त्यावर नाही.