रविवारचं धुणं

शनिवारची मॅच आटोपली की
पंधरा जर्स्या येतात माझ्याकडे, एकाच बोचक्यात,
चिखलानं जड, एकमेकींत बाह्या अडकलेल्या,
स्क्रम अजून सुटलाच नाही जणू.

एकवीस वर्षं मी या क्लबचं धुणं धुते.
वेल्सची ही दरी: खाली नदी,
वर कोळशाच्या गाळाची टेकडी, तिच्यावर आता मेंढ्या चरतात.
खाण गेली. मैदान राहिलं, तेही उताराचं.

डॉक्टरच्या आधी मला कळतं.
आठ नंबरच्या खांद्याची शिवण दर आठवड्याला उसवते,
खांदाही.
रक्ताला गार पाणी आणि मीठ,
गरम घातलंस तर डाग बसलाच, आई सांगायची.
तिच्या वेळी डाग कोळशाचे होते.

चौदा नंबर, ब्लेथिन.
आई गेल्यावर सात महिने मुलानं तोंड उघडलं नाही.
समुपदेशक आला, बुटांकडे बघत बसला, गेला.
मग कुणीतरी ओढून आणलं मैदानावर.
पहिल्याच सरावात तिघांच्या खाली सापडला,
वर आला तो ओठ फाटलेला, आणि हसत.
"बॉल दे!" असा ओरडला,
की टेकडीवरच्या मेंढ्यांनी माना वर केल्या.
त्याची जर्सी मी जरा हळूच पिळते.

आणि दोन नंबर.
तो माझा भाऊ इडवाल घालायचा, एकोणीस मोसम.
आता त्रेपन्नाचा. मशीनजवळच्या बाकावर बसतो,
ऊब असते म्हणून.
"जिंकलो का गं?"
जिंकलो.
फेस चढतो, ड्रम फिरतो.
"जिंकलो का गं?"
त्या काळी डोक्याला लागलं की
गार स्पंज तोंडावर, आणि समोर बोटं: किती?
तीन, म्हणायचा तो. बरोबर असायचं.
नेहमी तीनच दाखवायचे.

कुणावर चिडू?
त्याच्या डाव्या हाताचा प्रॉप, मर्विन,
दर गुरुवारी येऊन त्याची दाढी करतो,
हनुवटी धरतो घट्ट, जुन्या सवयीनं,
आणि दोघं काही न बोलता अर्धा तास बसतात.
माझ्या नवऱ्याला तर असं कुणीच नव्हतं.

नातीचा फॉर्म साबणाच्या डब्याखाली आहे.
बारा वर्षांची नेरिस, मुलींच्या संघात जायचंय.
आई रात्रपाळीला, सही माझीच लागणार.

आज वाळत घालायला ती आली,
दोन नंबर उचलून अंगाला लावून पाहिला,
गुडघ्याखाली आला.
इडवाल बाकावरून उठला.
"वाक," म्हणाला. "अशी नाही. पाठ सपाट.
मान वर. मान कधी खाली घालायची नाही, पोरी."
ती वाकली. त्यानं तळहातानं तिची पाठ सरळ केली,
हलकेच, गादीवरची सुरकुती काढावी तशी.

मग माझ्याकडे वळून,
"जिंकलो का गं?"

चिमटे संपले होते.
पेन ॲप्रनच्याच खिशात होतं.