आठ डोस

शालिक उजाडताच येतो, ऊन चढायच्या आत.
सायकलच्या कॅरिअरला गोणी, गोणीत किणकिण.
गोळीबार चौकात परात्यांनी विहीर उपसली म्हणे,
गाळात बाटल्याच बाटल्या,
तोंडात माती धरून बसलेल्या.

मी अंगणात बसून त्यांच्यात वाळू आणि तांदूळ खळखळवतो,
बोटाने काचेतली अक्षरं चाचपतो:
ज्वरगजसिंह. प्राणसुधा. किंमत बारा आणे.
एकीच्या पाठीवर अख्खी यादीच ओतलेली,
हिवताप, पोटशूळ, नारू, विंचवाचा दंश,
बायकांचे सर्व विकार, पुरुषांची मरगळ,
आणि अगदी खाली, जागा उरली म्हणून,
उदासी.

मला हसू येतं.
एकतीस वर्षं काळी बॅग मांडीवर घेऊन
डॉक्टरांच्या दारात बसलो, कामठीपासून उमरेडपर्यंत.
जागा उरली की काय छापतात
ते मला विचारा.

गोणीच्या तळाशी पेपरात गुंडाळलेली एक.
ही विहिरीतली नाही, त्यांच्याच माळ्यावरची.
नाव ना गाव कंपनीचं. कंपाउंडरने भरलेली साधी बाटली,
कडेला कात्रीने दाते कापलेली कागदाची पट्टी:
आठ डोस.
औषध कधीच उडून गेलं,
तपकिरी रेघ मात्र राहिली
तिसऱ्या दात्यापाशी.

चिठ्ठीवर निळ्या शाईत
चि. वेणू, वय ६.
दिवसातून तीन वेळा. हलवून.

तीन वेळा.
म्हणजे एक दिवस.

"भरेल राह्यती तं भाव आला असता, साहेब,
अर्धीले कोन पुसते?" शालिक म्हणाला.
"वेणू कोन, थे बी इचारलं म्या. म्हातारीलेही नाही मालूम."

मंदा भाजी निवडत होती, वर न बघता म्हणाली,
"बरी झाली असेल. पोरं एका दिवसात उड्या मारायला लागतात.
मग ते कडू कोण पितंय?"
थोड्या वेळाने उठून आली,
बाटली उजेडात धरून बघत राहिली,
भाजी तशीच.

दुपारी सेहेचाळीस.
कूलरची गवताची जाळी कोरडी पडली,
खिडकीतल्या फळीवरून
प्राणसुधेचा निळा डाग फरशीवर सरकत सरकत
माझ्या पायाच्या अंगठ्यावर आला.

बाकीच्या सगळ्या धुतल्या.
ही नाही धुतली.
फळीवर ठेवण्याआधी फक्त
एकदा हलवली.