चमचाभर

पहाटे तीनला निवतीच्या बंदरात
ट्रॉलर लागतात, तेव्हा मी
कुळीथ भिजले का ते पाहतो.
चाळीस वर्षं इंजिनांत हात घातलेले;
आता नखांतलं डिझेल घासून काढतो
नि तिच्यासाठी नारळ खवतो.

मासे तिनं सोडले आजाराच्या कितीतरी आधी.
दूध नंतर, वासरू विकल्यावर
गाय तीन रात्री हंबरत राहिली, त्या आठवड्यात.
विचारलं तर म्हणाली, "कारण कित्याक व्हया?"
गाबीतांच्या घरात बांगड्याचा वास नाही
यावर वाडीनं वर्षभर तोंडसुख घेतलं.
मी आपला होडीत बसून खायचो.

मग गाठ.
मग बांबोळीची पहाटेची एसटी, सलाईन,
उशीवर केसांचा पुंजका,
आणि येईल त्याच्या हातात झाकलेला डबा.
गिरपांच्या वत्सूनं तिसऱ्यांचा रस्सा आणला:
"ताकद खयसून येतली गे?"
डॉक्टर प्रियोळकरांनी रक्त पाहिलं, वजन पाहिलं,
तिच्याकडूनच लिहून घेतलं:
कुळीथ, मूग, ओल्या काजूची उसळ, नाचणीची आंबील.
खाली स्वतः लिहिलं, बी-बाराची गोळी, रोज.
"वजन उतरू देऊ नका, मग माझी हरकत नाही."
कॅप्सूलचं कवच कशाचं, तेही तिनं विचारलं.
जनावराच्या हाडांचं, त्यांनी सांगितलं.
"बरां," म्हणाली, आणि गिळली.
"ता माझ्या हातात नाय. पेज माझ्या हातात आसा."

चौथ्या केमोनंतर दोन किलो उतरलं.
जिभेवर सगळं लोखंड,
सोलकढीसुद्धा गंजल्यासारखी.
त्या रात्री, भावजयीनं ठेवून गेलेल्या बाटलीतलं
चमचाभर तूप मी पेजेत सोडलं.
ढवळलं. तवंग दिसू नये म्हणून पुन्हा ढवळलं.
तिनं अख्खी वाटी संपवली.
"आज बरी झाली," म्हणाली.

डिझेलमध्ये पाणी मिसळलेलं
मी नुसत्या आवाजावरून ओळखतो.
तिला ओळखता आलं नाही.
तेवढंच ऐकत पडून राहिलो,
समुद्र ऐकू आला नाही.

सकाळी सांगितलं.
ती शेवग्याचा पाला निवडत होती.
"किती?"
"चमचोभर."
बऱ्याच काड्या मोडल्या तिनं, मग म्हणाली,
"माझी जीभ गेली.
तुमची तरी जाग्यार रवांदे."

त्या दिवशी पेज तिनंच रांधली, भिंतीला धरून.
मीठ दोनदा पडलं.
मी सगळी खाल्ली, बोललो नाही,
मग आठवलं, आणि बोललो: "खारट झाली गो."
ती किती दिवसांनी हसली.

आता मी आधी चाखून सांगतो,
आंबट कमी, तिखट पुरे,
नारळाचा रस जरा दाट हवा होता.
ती माझ्या तोंडाकडे बघत घास घेते.
बाटली वत्सूच्या घरी पोचवली.
कुळीथ मूठभर वाढवले आहेत.
वजन मंगळवारी करतील.