धडा

सावद्याचा वजनकाटा, फैजपूर रस्त्याला.
पत्र्याच्या केबिनमध्ये संगणक नवा आलाय.
फेगडे अण्णा फोनवर एवढंच म्हणाले,
"पोरी, यात मी सोडून सगळेच बोलतात."

गेले तर खरंच.
कोपऱ्यात कुठल्यातरी परक्या शहराचा पाऊस,
खाली बातम्या, कुणा नटाचं लग्न,
मधोमध एक गोल चिन्ह, दर मिनिटाला विचारणारं:
मी तुमची काय मदत करू?
बाहेर केळीचा ट्रक, इंजिन चालू,
आणि वजनाचा आकडा
या जत्रेच्या मागे कुठेतरी, बारीक.

"यातलं एक बी मी मांगलं नव्हतं.
काहाले पाह्यजे हे मले?"

माउसवर केळीच्या चिकाचे डाग.
ते निघत नाहीत. त्यांचं कुणी विचारलंही नाही.

बसले काढायला.
पत्त्यांचा डाव काढला.
हवामान काढलं, पंचेचाळीस अंश तसेही दारातून आत येत होते.
बातम्या काढल्या, नटाच्या लग्नासकट.
आकाशातली ती तिजोरी,
जिची किल्ली ना माझ्याकडे ना अण्णांकडे, तीही.
गोल चिन्हानं मात्र वेळ घेतला:
तीन दारं, प्रत्येकाला वेगळी कडी,
आणि शेवटी एक प्रश्न असा उलटा लिहिलेला
की नाही म्हणायचं तर हो दाबा.

अण्णांनी स्टूल जवळ ओढलं.
"केळीची पिलं अशीच.
आपन लावतो एक कंद,
बाकीचं तो त्याच्या मनानं काढतो.
दर पंधरा दिवसाले विळा."
मग जरा थांबून,
"तू बी येशील ना, पंधरा दिवसानं?"

येईन म्हटलं. अपडेट आलं की हे पुन्हा फुटणार,
त्याच कंदातून.

रिकाम्या ट्रकचं वजन सकाळीच लिहून ठेवलेलं,
तेवढा धडा. भरून आला की तेवढं वजा,
दांड्याची घट वजा,
उरेल ती केळी.
पडदाही तसाच उतरत चालला होता.
यादीच्या तळाशी, शेवटून दुसरं:
पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज.
कोण ऐकतंय? अण्णांना तर
रस्त्यापलीकडच्या गाडीचा नंबर दिसतो.
मी बोट ठेवलं.

"त्याले ऱ्हाऊ दे."

दारात रेमसिंग बारेला उभा होता.
ट्रक भरणाऱ्या टोळीचा मुकादम, मजुरी क्विंटलवर.
आत येत नाही तो, उंबऱ्याशीच थांबतो,
चपला बाहेर, हात चौकटीला.

अण्णांनी कळ दाबली.
एका बाईचा आवाज, पाठ केल्यासारखा,
प्रत्येक शब्द वेगळा, जणू दोरीवर वाळत घातलेला:
एकशे त्रेचाळीस क्विंटल. वीस किलो.

रेमसिंगनं बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.
मान हलवली.
वळून त्याच्या बोलीत टोळीला सांगितलं,
ट्रकच्या सावलीत कोणीतरी मोठ्यानं हसलं.

"आधी मीच सांगे आकडा," अण्णा म्हणाले,
पडद्याकडे पाहत, माझ्याकडे नाही.
"अठरा वर्सं.
आन् तो माह्या तोंडाकडे पाहे.
आकड्याकडे नही. तोंडाकडे."

मी यादी बंद केली.
शेवटचं काय होतं ते बघायचं राहून गेलं.

पैसे त्यांनी गल्ल्यातून मोजून दिले,
वर अर्धी फणी केळी, वर्तमानपत्रात.
ट्रक काट्यावरून उतरला, धूळ बसली.
काळ्याभोर पडद्यावर एकच आकडा उरला,
आणि ती बाई म्हणाली, शून्य.

स्कूटीला किक मारली तेव्हा
मागून पुन्हा तिचा आवाज आला,
पंधरा किलो.
वळून पाहिलं,
काट्याच्या तापलेल्या पत्र्यावरून
एक कुत्रं पाय उचलत, घाईघाईनं चाललं होतं.