टवका

कारातच्या अलीकडे, उताराच्या पायथ्याशी
पुढचं डावं चाक बसलं.
गाडीत मिठाची पोती, डोक्यावर दुपार,
आणि मेंगेशा ड्रायव्हरच्या तोंडी
माझ्या सात पिढ्यांचा उद्धार.
मी क्लीनर. चाकाचं पाप नेहमी क्लीनरचं.

कुस्सिया पंक्चरवाल्याने टायर आडवा पाडला,
आतून हात फिरवत राहिला
डोळे मिटून, नाडी बघावी तसा.
खिळा नव्हता. काच नव्हती.
निघाला दगडाचा टवका,
नखाएवढा, हिरवट,
आणि धार अशी
की आधी बोट लाल झालं, मग त्याला कळलं.

"आपल्या सगळ्यांच्या धंद्यांहून म्हातारा दिसतोय हा,"
बोट चोखत तो म्हणाला,
आणि तिथंच ठिणगी पडली.

शेवग्याच्या सावलीत
ज्वारीच्या दारूचा तुंबा फिरत होता.
दिनोते लोहार म्हणाला, सगळ्यांत जुना माझा भाता.
माझ्या बापाला विचारा, त्याच्या बापाला विचारा.
"तो बाप पाणी कशातून प्यायचा?"
अश्को कुंभारणीनं विचारलं.
"ओंजळीतून," विणकर म्हणाला,
"पण कमरेला काही होतं ना?"
"नव्हतं," कायाशे सुईण म्हणाली,
"माझ्या हातात आला तेव्हा तरी नव्हतं."
हसू शेतांच्या दगडी बांधांवरून
एकेक पायरी खाली गेलं.

मग मेंगेशानं ते उत्तर दिलं
जे जगातले सगळे ड्रायव्हर देतात, डोळा मारून.
अश्कोनं तुंबा खाली ठेवला.
"आणि त्या बाईला द्यायला गिऱ्हाइकानं काय आणलं?
मडकं? कातडं? चार कंद?
ते ज्यानं केलं, तो आधीचा."
मेंगेशा टायरकडे बघायला लागला.

आर्गाते एवढा वेळ बोललीच नव्हती.
ताणून बांधलेल्या कातड्याशी
ती एका लयीत खरवडत होती,
लाकडी मुठीत बसवलेला दगड,
खर्र, थांब, खर्र.
कुस्सियानं टवका तिच्यापुढं धरला:
"घे. तुझाच. पंक्चरचे पैसे तू दे."

तिनं तो थुंकीनं ओला केला,
उन्हात धरला, फिरवला,
अंगठ्यावरून हलकेच ओढला.
"माझा नाही. आईचाही नाही.
हा डावऱ्या हाताचा घाव आहे."

गावात डावरं कोण?
विणकराचा भाचा निघाला,
तो अर्बा मिंचला मोबाइल दुरुस्त करतो.
एक निघाली शाळेतली बाई.
दगड फोडणारं कुणीच नाही, कुणाच्या आठवणीतही नाही.

"मग किती जुना असेल?" मी विचारलं.
"ते मला काय ठाऊक.
पण घाईत होता कोणी.
हे बघ, दुसरा घाव चुकलाय.
आणि फोडून झाल्यावर वेचलं नाही त्यानं."
मुठीतला दगड बदलत ती म्हणाली,
"मी रोज संध्याकाळी वेचते, शेवटच्या कपचीपर्यंत.
काट्यांच्या कुंपणामागं नेऊन पुरते.
पोरं अनवाणी असतात.
आईनं वेचायला आधी शिकवलं.
फोडायला सहा वर्षांनी."

दिनोते म्हणाला, वेचणं हा काय धंदा झाला?
त्याचे पैसे कोण देतं?
कोणी काही बोललं नाही.
तुंबा रिकामाच एक फेरी फिरून आला.

चाक बसलं. घासाघीस झाली.
टवका आर्गातेनं ठेवून घेतला
की कुस्सियानं, ते मी पाहिलं नाही.
मेंगेशा हॉर्नवर हॉर्न देत होता
आणि मी रस्त्यात वाकलो होतो,
रबराच्या चिंध्या, तारेचे तुकडे
सदऱ्याच्या ओच्यात भरत.

"काय करतोयस रे तिथं?"

सांगितलं असतं.
पण मिठाला आधीच उशीर झाला होता,
आणि ओचा दोन्ही हातांनी धरल्यामुळं
गाडीत चढायलाच मला
दुसऱ्याचा हात लागला.